सत्ताधारीविरोधी प्रचार

सत्तेवरील पक्षाचा कारभार, त्याचा नेता किंवा दोहोंवरील टीका हेच मुख्य भांडवल करून विरोधी पक्षाने चालवलेला निवडणूक प्रचार. वृत्तपत्रांत यासाठी ‘प्रस्थापितविरोधी’ किंवा ‘अँटी-इन्कम्बन्सी’ हे शब्द येतात. पण ते खरे तर मतदारांच्या नाराजीला लागू पडतात, प्रचाराला नव्हे. नाराजी मतदाराची असते, टीका पुढाऱ्याची. दोन्ही एकाच वेळी दिसत असल्याने विजयाचे श्रेय बहुधा टीकेला, म्हणजे भाषणांना मिळते. प्रस्तुत नोंदीत भाषणांपेक्षा मतांची टक्केवारी, जागावाटप व बंडखोरी यांना अधिक जागा दिली आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्राची आहेत.

अभ्यास : मतदार पुढच्या आश्वासनांपेक्षा मागचा हिशेब पाहून मत देतो, ही मांडणी अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांच्या १९६६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. मॉरिस फिओरिना यांनी १९८१ मध्ये ती विस्ताराने मांडली. ही मांडणी मानली, तर विरोधकांनी फारसे न बोलताही, लोक ज्यावर नाराज आहेत ते सरकार पडायला हवे. नकारात्मक प्रचारावरील अनेक अभ्यास एकत्र पडताळून लाउ, सिगलमन व रोव्हनर यांनी २००७ मध्ये असा निष्कर्ष काढला, की अशा प्रचाराने टीका करणाऱ्याची मते वाढतात असे खात्रीने दाखवता येत नाही. टीका लक्षात राहते, एवढे दिसते. हे अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेतील, म्हणजे दोन पक्षांच्या लढतींचे आहेत. जेथे एका जागेसाठी दहा-पंधरा उमेदवार उभे असतात, तेथे ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

परदेश : ब्रिटनमध्ये १९९२ साली मंदी असतानाही विरोधी मजूर पक्ष हरला.

१९७१ व १९७७ : एकाच व्यक्तीवर टीकेचा रोख असलेल्या या दोन निवडणुका तुलनेसाठी सोयीच्या आहेत. १९७१ मध्ये संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष व संयुक्त समाजवादी पक्ष यांनी बडी आघाडी उभारून ‘इंदिरा हटाव’ची घोषणा दिली. तिला ‘गरिबी हटाव’ असे उत्तर मिळाले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात ४५ पैकी ४२. विरोधकांत एकजूट होती, लोकांत नाराजी नव्हती. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर पंतप्रधान लोकप्रिय होत्या आणि टीका करणाऱ्यांत त्यांनी बाजूला सारलेले जुने काँग्रेस पुढारीच पुढे होते.

१९७७ मध्ये आणीबाणीमुळे नाराजीही होती आणि चार प्रमुख पक्ष जनता पक्ष म्हणून नांगरधारी शेतकऱ्याच्या एका चिन्हावर लढले. काँग्रेस १५४ जागांवर आली. रायबरेलीत स्वतः इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून पराभूत झाल्या. महाराष्ट्रात मात्र निकाल जवळजवळ समसमान होता : ४८ पैकी काँग्रेस २०, जनता पक्ष १९, शेतकरी कामगार पक्ष ५, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष ३. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकांनी जनता पक्षाच्या प्रचारात केलेल्या भाषणांच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. जागांचा हिशेब पाहता शेकाप व मार्क्सवाद्यांशी झालेला समझोता त्यांहून कमी महत्त्वाचा ठरत नाही. आंध्र प्रदेशात त्याच निवडणुकीत काँग्रेसने ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या.

१९८९ : बोफोर्स तोफांच्या खरेदीतील दलालीचा आरोप हा या प्रचाराचा कणा होता. काँग्रेस चारशेहून अधिक जागांवरून १९७ वर घसरली. तरी तीच सर्वांत मोठा पक्ष होती, जनता दलाला १४३ जागा मिळाल्या, आणि आंध्र प्रदेशात ४२ पैकी ३९ व कर्नाटकात २८ पैकी २७ जागा काँग्रेसनेच जिंकल्या. या दोन्ही राज्यांत काँग्रेसेतर पक्षांची सरकारे नुकतीच सत्तेवर होती. तेथील मतदाराच्या लेखी प्रस्थापित म्हणजे तेलुगू देसम व जनता दल. तोफ दिल्लीची, राग घरच्या सरकारवरचा.

१९९५, महाराष्ट्र विधानसभा : सत्ताधारीविरोधी प्रचार यशस्वी झाल्याचे महाराष्ट्रातील नमुनेदार उदाहरण म्हणून ही निवडणूक सांगितली जाते. प्रचाराचा रोख मुख्यमंत्री शरद पवार यांच्यावर होता. विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे यांची संघर्ष यात्रा, राजकारणाच्या गुन्हेगारीकरणाचा मुद्दा, एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प, आणि मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी केलेले आरोप यांनी १९९४ चे वर्ष गाजले. खैरनार यांचे आरोप पुढे न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. शिवसेना-भाजप युतीच्या सभांतून मात्र ते सिद्ध झाल्यासारखेच मांडले जात. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगली व मार्च १९९३ चे बाँबस्फोट ताजे होते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावरील मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मरण पावले. याचा परिणाम विदर्भातील मतदानावर किती झाला, याविषयी मतभेद आहेत.

निकाल असा : काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५, अपक्ष ४५. युतीला १३८ जागा, म्हणजे २८८ च्या सभागृहात बहुमताला सात कमी. अपक्षांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी १४ मार्च १९९५ रोजी मुख्यमंत्री झाले.

मतांची टक्केवारी वेगळे सांगते. १९९० मध्ये काँग्रेसला सुमारे ३८ टक्के मते होती. १९९५ मध्ये ती ३१ टक्क्यांवर आली. म्हणजे सात टक्के मते सुटली. याच काळात युतीची मते साधारण साडेसव्वीसवरून सव्वाएकोणतीस टक्क्यांवर गेली, म्हणजे तीन टक्केही वाढली नाहीत. पराभूत काँग्रेसची मते विजयी युतीपेक्षा तेव्हाही जास्त होती. काँग्रेसवर रागावलेला मतदार सरसकट टीका करणाऱ्याकडे गेला नाही. त्यातला मोठा भाग काँग्रेसच्याच बंडखोराकडे गेला. निवडून आलेल्या अपक्षांत बंडखोरांचाच भरणा होता, आणि एकूण मतांतील जवळजवळ चौथा हिस्सा अपक्षांना मिळाला. उमेदवारी नाकारलेला तालुक्याचा पुढारी, साखर कारखान्याच्या संचालकपदाची वा जिल्हा परिषदेची पुण्याई पाठीशी घेऊन उभा राहिला, की गावातल्या नाराजीला घर न सोडता राग काढायची सोय होई. युतीचे खरे काम हे, की शिवसेना व भाजपने जागा वाटून घेतल्या व एकमेकांसमोर उमेदवार दिले नाहीत. हे काम १९८९ पासून चालू होते. सभा त्यावर झाल्या.

या प्रचाराचे एक उपांगही नोंदवायला हवे. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करून आलेल्या युती सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये दाभोळ करार रद्द केला आणि १९९६ मध्ये नव्या अटींवर त्याच कंपनीशी पुन्हा केला. पुढच्या निवडणुकीत टीकेचे हत्यार बाजू बदलून आले.

१९९९, महाराष्ट्र विधानसभा : आदल्या निवडणुकीची ही उलटी बाजू. जून १९९९ मध्ये काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला आणि दोन्ही काँग्रेस युती सरकारवर टीका करीत एकमेकांविरुद्धही लढल्या. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, शिवसेना ६९, भाजप ५६. दोन्ही काँग्रेसच्या मतांची बेरीज निम्म्याच्या जवळ, युतीची ३२ टक्क्यांच्या आत. तरी जागांत युती फक्त आठने मागे होती. निकालानंतर दोघे एकत्र आले व १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. नाराजी मोठी होती. ती विखुरली, पण वाया गेली नाही, इतकेच.

२००४ : केंद्रात सत्तापालट; महाराष्ट्रात दोन्ही काँग्रेसची आघाडी कायम.

२०१९ : लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने राफेल विमानखरेदीवरून ‘चौकीदार चोर है’ ही घोषणा दिली, भाजपने ‘मैं भी चौकीदार’ म्हणून तीच आपली करून घेतली. काँग्रेसला ५२ जागा मिळाल्या. व्यक्तीवर रोख ठेवलेली घोषणा त्या व्यक्तीलाच चर्चेच्या मध्यभागी ठेवते, असे निरीक्षण या संदर्भात वारंवार केले जाते. ते २००७ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीलाही लावले जाते.

महाराष्ट्रात याहून शुद्ध प्रयोग झाला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने एकही उमेदवार उभा केला नाही, पण राज ठाकरे यांनी नरेंद्र मोदी व अमित शहा यांच्याविरुद्ध सभा घेतल्या. मंचावर पडदा, जुन्या भाषणांच्या चित्रफिती आणि ‘लाव रे तो व्हिडीओ’ हे पालुपद. अमरावती जिल्ह्यातील हरिसाल या ‘डिजिटल गावा’च्या जाहिरातीतला तरुणच त्यांनी एका सभेत मंचावर उभा केला. गर्दी प्रचंड होती. उमेदवाराविना निव्वळ टीका किती चालते, हे मोजण्याची अशी संधी क्वचित मिळते. नांदेड, सोलापूर, इचलकरंजी, सातारा, पुणे, महाड, मुंबई, नाशिक येथे सभा झाल्या. त्यांपैकी सातारा व रायगड (महाड यातच येते) या दोनच मतदारसंघांत राष्ट्रवादी जिंकली, आणि सातारा तिचा आधीपासूनचाच होता. राज्यात भाजप-शिवसेनेला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. सभेत टाळ्या वाजवणाऱ्याला मतदानयंत्रावर बटण मात्र काँग्रेस किंवा राष्ट्रवादीचे शोधावे लागत होते, तेही बहुधा ज्यांच्यावर तो आधी रागावलेला होता त्या पुढाऱ्याचे. नांदेडला अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी हरले, तेथे दोन्ही बाजूंपासून वेगळ्या लढलेल्या वंचित बहुजन आघाडीने दीड लाखाहून अधिक मते घेतली. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे यांच्या पराभवाचे अंतर वंचितचे उमेदवार प्रकाश आंबेडकर यांच्या मतांहून कमी होते. ही सर्व मते अन्यथा काँग्रेसकडेच गेली असती, असे धरता येत नाही.

गोवा : २०२२ मध्ये भाजपला ४० पैकी २० जागा सुमारे ३३ टक्के मतांवर मिळाल्या, विरोधातील मते काँग्रेस, आप, तृणमूल काँग्रेस, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व रेव्होल्यूशनरी गोवन्स यांत विभागली. त्याच वर्षी काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले.

२०२४, महाराष्ट्र : शिवसेना व राष्ट्रवादी यांतील फुटींनंतर ‘गद्दार’ व ‘पन्नास खोके, एकदम ओके’ या घोषणा महाविकास आघाडीच्या प्रचारात रुळल्या. लोकसभेला आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, सत्ताधारी महायुतीने १७; मतांतील अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. कांद्याची निर्यातबंदी, सोयाबीनचा भाव, मराठा आरक्षण आणि संविधान बदलले जाईल ही भीती यांपैकी कशाचा वाटा किती, यावर एकमत नाही. सहा महिन्यांत विधानसभेला, जवळपास त्याच घोषणांवर, आघाडीतील तीन मोठ्या पक्षांना मिळून ४६ जागा मिळाल्या (शिवसेना उबाठा २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी शरदचंद्र पवार १०) आणि महायुतीच्या तीन पक्षांना २३०. मधल्या काळात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यांवर जमा होऊ लागले होते. मतदारयाद्यांवरून झालेला वाद येथे घेतलेला नाही. १९९५ चा प्रचार विरोधी पक्षनेत्याने उभा केला होता. २०२४ च्या सभागृहात त्या पदासाठी संकेताने लागणाऱ्या २९ जागा एकाही विरोधी पक्षाकडे नव्हत्या.