मफरूश : परमुलखातल्या भाड्याच्या घराची गोष्ट

दुबईच्या देरा भागात किंवा बर दुबईच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना काही इमारतींवर अरबीत पाटी दिसते : 'शुकक मफरूशा'. म्हणजे सामानासह भाड्याने मिळणारे फ्लॅट. नोकरीसाठी नव्याने आलेला माणूस ही पाटी वाचतो ती इंग्रजीत, 'फर्निश्ड' म्हणून. आम्हां मराठी मुसलमानांना मात्र या अरबी शब्दाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. फर्श म्हणजे अंथरलेले. मफरूश म्हणजे अंथरूण-पांघरूण घालून तयार ठेवलेले. आपल्या मराठीतला फरास हा याच धातूचा. शिवकाळातील अठरा कारखान्यांत फरासखान्याची गणना होते. तंबू, जाजमे, बिछायती सांभाळायचे ते खाते. पुण्यात शनिवारवाड्याजवळच्या पोलीस चौकीने हा शब्द आजही जिवंत ठेवला आहे.

भाड्याच्या घराचा बहुतेक शब्दसंग्रह असाच आपल्या ओळखीचा निघतो. दुबईत भाडेकरार नोंदवण्याची जी सरकारी व्यवस्था २०१० पासून सुरू झाली तिचे नाव 'इजारी', म्हणजे 'माझे भाडे'. आपल्या दफ्तरांतला इजारा आणि इजारेदार त्याचेच भाऊबंद. घर दाखवणारा दलाल दोन्हीकडे दलालच. आपण घरमालकाकडे ठेवतो ती अनामत, मूळ अमानत. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळणे हा तिचा अर्थ. जुन्या कागदांत माणसाच्या नावापुढे 'साकीन मौजे अमुक' असे लिहीत. अरबीत सकन म्हणजे राहण्याची जागा. शब्द आमच्याकडे शेकडो वर्षांपूर्वी आले. त्यांच्या मागे आमची माणसे उलट दिशेने गेली. गंमत एवढीच, की जिथे गेली तिथे ती 'साकीन' फार क्वचित झाली. बहुतेक वेळा ती मुक्कामावरच राहिली.

आमच्या स्थलांतराचा इतिहास आजवर लिहिला गेला तो पैशाच्या अंगाने. किती रक्कम आली, गावात किती बंगले झाले, मशिदीचा मिनार कोणी बांधला, शाळेला वर्ग कोणी दिला. पण ज्या खोलीत राहून ही रक्कम जमवली त्या खोलीचा इतिहास कोणी लिहिला नाही. माणसाच्या आयुष्याची वीस-तीस वर्षे त्या खोलीत गेली. म्हणून ती खोली कोणी निवडली, तिथला पलंग कोणाचा होता आणि दाराची किल्ली कोणाच्या हाती होती, हे प्रश्न विचारले पाहिजेत.

खलाशाची पथारी

या कहाणीची सुरुवात तेलापासून होत नाही, जहाजापासून होते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील खाड्यांच्या काठची आमची माणसे सारंग, टंडेल, खलाशी म्हणून विलायती कंपन्यांच्या बोटींवर चढली. मुंबईत बोट मिळेपर्यंत राहायचे कुठे? गावच्या माणसांनी मिळून घेतलेली डोंगरी-माझगावकडची एखादी खोली हे त्याचे उत्तर होते. भिंतीलगत पेट्या, त्यांवर वळकट्या, जेवण खानावळीत. ज्याची बोट लागली तो जाई, त्याच्या जागेवर दुसरा पथारी टाकी. धोबीतलावच्या गोवेकरांच्या 'कूड' प्रसिद्ध आहेत. आमच्या खोल्यांवर तेवढे लिहिले गेले नाही.

बोट लंडनला लागली की प्रश्न आणखी कठीण होई. परतीची बोट मिळेपर्यंत आशियाई खलाशी पूर्व लंडनच्या गोदी भागात अडकून पडत. शॅडवेल येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थेतील बराकींत ते कसे राहतात याची पार्लमेंटच्या समितीने १८१४-१५ मध्ये पाहणी केली, तेव्हा गर्दी आणि हालअपेष्टा उघड झाल्या. पुढे १८५७ साली लाइमहाउस भागात वेस्ट इंडिया डॉक रोडवर आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातील बेटांवरच्या लोकांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' उघडले गेले. तिथे पैसे देऊन पलंग मिळे, जेवण मिळे, परतीच्या बोटीची माहिती मिळे. आमच्या लोकांना परमुलखात पलंगासह भाड्याने मिळालेल्या आरंभीच्या जागांपैकी ही एक. तिच्या नावातच 'परके' होते. त्याच छपराखाली मिशनरीही येत. राहणाऱ्याला पलंगासोबत प्रवचनही ऐकावे लागे. हे घर १९३७ मध्ये बंद झाले.

दुसरी वाट दक्षिण आफ्रिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमान केपटाउनला गेले, छोटी दुकाने काढली, पिढ्यानपिढ्या राहिले. तिथल्या डिस्ट्रिक्ट सिक्स या मिश्र वस्तीला वर्णद्वेषी सरकारने १९६६ मध्ये 'फक्त गोऱ्यांसाठी' ठरवले आणि हजारो कुटुंबांना हलवून घरे पाडली. भाडे नियमित भरले, शेजार जपला, तरी घर गेले. परमुलखातले घर नुसत्या पैशावर टिकत नाही, त्याला कायद्याचाही टेकू लागतो, हा धडा आमच्या लोकांना तिथे मिळाला.

रुपया चालत होता तेव्हा

आखाताशी आमचे दळणवळण तेलाच्या आधीपासून होते. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत करीत बसऱ्यापर्यंत जात. त्यांतल्या 'दारा' बोटीवर ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसे गेली. बहरीनमध्ये १९३२ साली आणि कुवेतमध्ये १९३८ साली तेल सापडले. तिथे भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. कुवेतने तो १९६१ मध्ये सोडला आणि दुबईसह ट्रुशियल राज्यांनी १९६६ मध्ये.

त्या काळच्या दुबईत 'फर्निश्ड' घराचा प्रश्नच नव्हता. श्रीमंत व्यापाऱ्यांची वारामनोऱ्यांची घरे सोडली तर पुष्कळ वस्ती खजुराच्या झावळ्यांच्या घरांत होती. त्यांना बरस्ती किंवा अरीश म्हणत. वीजपुरवठा सुरू झाला १९६१ च्या सुमारास. मे महिन्यातल्या त्या उकाड्यात पंख्याशिवाय राहिलेली ही पहिली पिढी चटई आणि सुरई घेऊनच भाड्याच्या घरात शिरली असणार.

बेडस्पेस

१९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती अस्तित्वात आली, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि बांधकामांची लाट उसळली. कोकणातल्या म्हसळा, श्रीवर्धन, महाड, खेड, दापोली, चिपळूणकडून माणसांची रीघ लागली. या माणसांची घरे साधारण तीन तऱ्हेची होती.

पहिली तऱ्हा कंपनीच्या कॅम्पची. तिथे निवड नाही. दुबईतल्या मुहैस्ना भागातील कामगार वस्तीला हिंदुस्थानी मजुरांनी 'सोनापूर' हे नाव दिले. सोन्याचे गाव, असा अर्थ त्यांच्या मनात असेल. मुंबईकर मराठी माणसाला मात्र सोनापूर म्हटले की स्मशान आठवते.

दुसरी तऱ्हा बेडस्पेसची. एका फ्लॅटमध्ये, एका खोलीत दुमजली लोखंडी खाटा, खाटेला पडदा. पडद्याच्या आत जेवढे मावेल तेवढे आपले : चार्जर, जानमाज, पोरांचा फोटो. इथे सामान असतेच, म्हणून अर्थाने हेही मफरूशच. पण करार एकाच्या नावावर, आणि बाकीचे त्याच्या भरवशावर. दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. साहजिकच बेडस्पेसमधला माणूस वर्षानुवर्षे कागदावर कुठेच नसे. २००८ मध्ये दुबई नगरपालिकेने 'एक व्हिला, एक कुटुंब' ही मोहीम चालवली तेव्हा वाटून घेतलेल्या व्हिलांतून अशा अनेकांना बाहेर पडावे लागले. सप्टेंबर २०२२ पासून घरात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद करणे तिथे बंधनकारक झाले.

तिसरी तऱ्हा कुटुंबाच्या फ्लॅटची. ती पगारावर अवलंबून. बायकोमुलांना आणायचे तर सरकारने ठरवलेले किमान उत्पन्न दाखवावे लागते. २०१९ च्या नियमानुसार ते चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय. म्हणजे संसार करण्याच्या हक्कालाही पगाराचा आकडा चिकटलेला. आमच्या घराघरांत ज्या बायका सासूसोबत गावी राहिल्या आणि वर्षादोन वर्षांनी महिनाभर नवऱ्याचे तोंड पाहत आल्या, त्यांच्या एकटेपणाला स्वभाव किंवा नशीब जबाबदार नव्हते. हा आकडा जबाबदार होता.

निवड करायची तर

आजचा तरुण अभियंता, परिचारिका किंवा हिशेबनीस जातो तेव्हा त्याच्यासमोर पर्याय असतो : रिकामा फ्लॅट घ्यावा की सामानासह? वरवर हा पसंतीचा प्रश्न दिसतो, पण तो खरे तर मुदतीचा आहे. रिकामा फ्लॅट साधारणपणे वर्षाच्या कराराने मिळतो आणि भाडे पुढच्या तारखांच्या एक, दोन किंवा चार धनादेशांत द्यावे लागते. नव्या माणसाकडे बँक खातेही नसते, तिथे धनादेश कुठला? शिवाय फ्रिज, चूल, खाटा विकत घ्यायच्या, आणि नोकरी सुटली तर मातीमोल विकायच्या. सामानासह घराचे भाडे जास्त, पण ते पुष्कळदा महिन्याने देता येते. म्हणून पहिले काही महिने मफरूश घरात काढावेत आणि नोकरी पक्की झाल्यावर रिकाम्या घराचा विचार करावा, हा अनुभवी लोकांचा हिशेब बरोबर आहे.

मात्र चार गोष्टी पाहिल्याशिवाय सही करू नये. अनामत साधारणपणे रिकाम्या घराला वार्षिक भाड्याच्या पाच टक्के आणि सामानाच्या घराला दहा टक्के घेतात. ही रक्कम परत मिळणे सामानाच्या यादीवर अवलंबून असते. तेव्हा गादीवरचा डाग, कपाटाचे मोडके बिजागर, वॉशिंग मशीनचा आवाज हे सारे यादीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, फोटो काढावेत. दुसरे, थंड हवेचा खर्च भाड्यात आहे की वेगळा, हे विचारावे. मोठ्या इमारतींत केंद्रीय शीतकरणाचे बिल निराळे येते आणि उन्हाळ्यात ते कंबरडे मोडते. तिसरे, वीज-पाण्याच्या बिलातच नगरपालिकेचे वार्षिक भाड्याच्या पाच टक्के शुल्क हप्त्यांनी येते, ते हिशेबात धरावे. चौथे, करार इजारीत नोंदवला आहे ना, आणि अल्पमुदतीचे घर असेल तर मालकाकडे पर्यटन खात्याचा परवाना आहे ना, हे पाहावे. नोंदलेला करार असेल तर भाडे वाढवायला मालकाला नव्वद दिवस आधी कळवावे लागते, आणि स्वतःला राहायला घर हवे असेल तर बारा महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते. परक्या देशात भाडेकरूला मिळणारा कायद्याचा टेकू तो हाच.

यादीचे मोल किती असते हे कुवेतने शिकवले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी आणावे लागले. भरलेली घरे तशीच टाकून माणसे निघाली. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडे देश सोडावा लागल्याचा आणि गेलेल्या घरसामानाचाही दावा करता येत होता. पण सामानाचा दावा करायचा तर काहीतरी पुरावा हवा. पावत्या जपून ठेवणारा कंजूष ठरत नाही, हे अनेकांना तेव्हा उमगले.

नाव की पगार

मुंबईत घर शोधणाऱ्या मुसलमान तरुणाला आधी नाव विचारतात आणि मग फ्लॅट 'कालच गेला' असे सांगतात, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंब्रा आणि मीरा रोड वाढले ते हौसेने नव्हे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. त्यामुळे आखातात गेलेला आमचा माणूस पहिल्यांदा सुटकेचा श्वास घेतो : इथे नाव अडत नाही. पण थोड्याच दिवसांत कळते की इथे पासपोर्ट अडतो, पगार अडतो, 'बॅचलर' असणे अडते. बेडस्पेसच्या जाहिरातींत अमुक प्रांताचेच, अमुक भाषेचेच पाहिजेत, असे सर्रास लिहिलेले असते. आणि हेही सांगितले पाहिजे, की त्यांत आमच्या कोकणी बांधवांनी लावलेल्या चिठ्ठ्याही असतात. मुंबईत जे आम्हांला टोचते ते परमुलखात आम्ही दुसऱ्याला टोचतो. पागडी, जमात, जिल्हा आणि जात पाहून खोली देणाऱ्याने आपली तक्रार कोणत्या तोंडाने मांडावी?

एका बाजूला गावातला बंगला : संगमरवरी फरशी, परदेशी झुंबर, दाराला कुलूप. दुसऱ्या बाजूला वीस वर्षे दुसऱ्याच्या खाटेवर निजलेला त्याचा मालक. पहिले घर आमचे म्हणून आम्ही मिरवतो, दुसऱ्याची आठवणही ठेवत नाही. पण मुलांचे पहिले पाऊल, रमजानच्या इफ्तारी, आजारपण, भांडणे, सारे त्या दुसऱ्या घरात घडले. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे : घरातल्या जुन्या पेट्या उघडा. भाडेचिठ्ठ्या, वीजबिले, इजारीचे कागद, सामानाच्या याद्या, खोलीत काढलेले फोटो फेकून देऊ नका. वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांना विचारून ठेवा, की कोणत्या गल्लीत राहिलात, खोलीत किती जण होतात, भाडे किती होते, चहा कोण करायचे. लग्नाच्या अल्बमशेजारी त्या कागदांनाही कपाटात जागा द्या. पुढे कोणी आमचा इतिहास लिहायला बसले, तर त्याला बंगल्यांची गणती सहज मिळेल; त्या खोल्यांची माहिती आपल्याशिवाय दुसरे कोणी देणार नाही.