आधी 'की', शेवटी 'म्हणून'

काही वर्षांपूर्वी एका जिनिंग कारखान्यातून कमी केलेल्या बाईचा जबाब चालला होता. ती म्हणाली, "काम सरलं म्हनून मले काढलं." कारकुनाने इंग्रजीत लिहिले : काम संपल्यामुळे मला काढले. बाईला सांगायचे होते ते निराळेच. काम सरले, हे मालकाचे म्हणणे. कापसाची गंजी तर अंगणात तशीच उभी होती! मालकाची सबब ही बाईची कबुली झाली. आम्ही दुरुस्तीचा अर्ज दिला. त्याचा निकाल लागेपर्यंत हंगाम उलटून गेला होता.

शाळा आमची लहानपणीच सुटली. व्याकरण आम्ही शिकलो ते असल्या अर्जांवर.

दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या मराठीत दोन रीती आहेत. एकीत बोलणे आधी येते आणि 'असे' किंवा 'म्हणून' शेवटी. दुसरीत 'की' आधीच उभा राहतो आणि बोलणे त्याच्या मागून येते. पहिली रीत फार जुनी. संस्कृतातला 'इति' बोलणे संपल्यावर येतो. कानडीतला 'एंदु' आणि तेलुगूतला 'अनि' हे 'म्हणणे' याच अर्थाच्या धातूंपासून निघाले, आणि आमच्या 'म्हणून'च्याच जागी बसतात. पंडितांना यात द्राविडी शेजाराची खूण दिसते. आम्हाला ते पटते. सांगलीजवळच्या कुपवाड गावात मराठी, कानडी व उर्दू शेजारी नांदतात. तिथे शब्द आपापले राहिले, पण वाक्याची ठेवण जवळजवळ एक झाली, असे गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली दाखविले.

आरंभी उभा राहणारा शब्दही मराठीला परका नव्हता. जुन्या पत्रांतले 'विनंती ऐसी जे' आठवा. तिथला 'जे' हेच काम करतो. पुढे तो मागे पडला व 'की' सर्वत्र झाला. त्याचे मूळ संस्कृत 'किम्'मध्ये आहे, असे कोणी म्हणतात. असेलही. परंतु फारसीचा 'के' नेमका याच जागी येतो, आणि वऱ्हाडावर इमादशाही, मोगल व निजाम यांचा अंमल १८५३ पर्यंत चालला. दरबारी कागदाच्या सहवासाने 'की'चा पसारा वाढला, असे आमचे मत आहे. आमच्या मंगरूळपीरच्या बाजारात 'थो म्हने का, भाव पडला' असे ऐकू येते, आणि पलीकडच्या दुकानात उर्दूतही तीच ठेवण.

अडचण 'म्हणून'मध्ये आहे. 'असे म्हणत' आणि 'त्या कारणाने' हे दोन्ही अर्थ तो एकटा वाहतो. बोलताना आवाजावरून उमगते. कागदाला आवाज नाही. इंग्रजीत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द, तेही वाक्याच्या आरंभी, म्हणून उतरवणाऱ्याला पहिल्याच शब्दाला निवड करावी लागते.

हल्ली जबाब लिहिताना आम्ही बाईचे वाक्य सुधारत नाही. मध्येच थांबवून विचारतो, "काम सरलं, हे कोण म्हणालं, बाई?"

"मालक म्हने."

तेवढे आधी लिहून घेतो, पुढचे मागून.