वांद्र्यातील मोथा : दिसायला गवत, पण गवत नव्हे

दिवाळीच्या उटण्याची पुडी उघडताच जो मातकट सुगंध येतो, त्यात नागरमोथ्याचा वाटा मोठा असतो. हा मोथा वांद्र्यात इमारतींच्या आवारात, उद्यानांच्या हिरवळीत व रस्त्यांच्या कडेला पावसाळ्यात आपोआप उगवतो; मात्र बहुतेक जण त्याला गवतच समजतात. वनस्पतिशास्त्रानुसार तो गवतांच्या पोएसी कुलातील नसून सायपेरेसी या स्वतंत्र कुलातील आहे. त्याचे शास्त्रीय नाव सायपेरस रोटंडस. मराठीत त्यास मोथा, नागरमोथा किंवा लव्हाळा, तर संस्कृतात मुस्ता म्हणतात. बाजारात नागरमोथा या नावाने सायपेरस स्कॅरिओसस या जवळच्या जातीच्या गाठीही विकल्या जातात.

ओळख

फुलोऱ्याखालील दांडा दोन बोटांत धरून फिरवावा. मोथ्याच्या दांड्यास तीन कडा स्पष्ट जाणवतात. तो आतून भरीव असून त्यावर पेरे नसतात. गवताचा दांडा बहुधा गोल, पेरे असलेला व पेरांमध्ये पोकळ असतो. गवताची पाने दोन बाजूंना, तर मोथ्याची तीन दिशांना निघतात. ती अरुंद, गर्द हिरवी व चकचकीत असतात. दांड्याच्या टोकास छत्रीच्या काड्यांसारख्या, कमीअधिक लांबीच्या शाखा फुटून त्यांवर चपटी, तांबूस-तपकिरी कणसे येतात. फुलोऱ्याच्या तळाशी पानांसारखी दोन ते चार छदे असतात.

खात्री करावयाची असल्यास झाड मुळापासून खणावे. तारेसारख्या बारीक, चिवट दोऱ्यांनी माळेप्रमाणे जोडलेल्या काळपट, सुगंधी गाठी मिळाल्या, तर तो मोथाच. भातखाचरांत आढळणाऱ्या सायपेरस इरिया या जातीची कणसे पिवळसर असून तिला अशा गाठी नसतात. हिरवळीत पांढऱ्या बोंडासारखा गोल फुलोरा दिसल्यास ती किलिंगा ही निराळी वनस्पती होय.

अधिवास

मोथा भारतात मूळचाच आहे. आफ्रिका व दक्षिण युरोपातही तो मूळचा मानला जातो. त्यास ओलावा व भरपूर ऊन हवे असते. दाट सावलीत तो खुरटतो. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुसऱ्या अंकात शिकार थांबविताना दुष्यंत रानडुकरांना डबक्यात निर्धास्तपणे मुस्ता उकरू द्यावी, असे म्हणतो. अधिवासाचे हे वर्णन आजही पटणारे आहे.

वांद्रे व माहीम यांच्यामधील खाडीत, जेथे मिठी नदी समुद्रास मिळते, तेथील परिस्थिती वेगळी आहे. खाऱ्या चिखलात मोथा सहसा तग धरत नाही. तेथे खारफुटीच्या आसपास याच कुलातील, खारे पाणी सोसणाऱ्या दुसऱ्या जाती वाढतात. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात चिखल धरून राहतो. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या उभारणीत मिठीकाठची बरीच पाणथळ जमीन भरावाखाली गेली. त्यामुळे उरलेल्या काठावरील अशी झुडपे ‘तण’ म्हणून उपटण्यापूर्वी ती ओळखणे अगत्याचे आहे. प्रत्येक तीनकडी दांडा म्हणजे मोथा नव्हे.

उपटून तो का जात नाही?

जगातील अत्यंत त्रासदायक तणांमध्ये मोथ्याची गणना होते, ती त्याच्या गाठींमुळे. बियांपेक्षा गाठींनीच त्याचा प्रसार होतो. माळ अखंड असते तोवर टोकाचा कोंब मागच्या गाठींवरील कोंबांना दबवून ठेवतो. वरवर खुरपल्याने ती तुटते आणि सुप्त गाठीही फुटू लागतात. म्हणून कुंडीत वा वाफ्यात मोथा आल्यास माती खोलवर उकरून गाठी वेचाव्यात व कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात; वाळलेली गाठ पुन्हा रुजत नाही.

मात्र रस्त्याकडेच्या वा नाल्याकाठच्या गाठी उटण्यासाठी किंवा औषधासाठी घेऊ नयेत. शहरातील मातीत सांडपाणी व इंधनाचे अंश मुरलेले असू शकतात. अशा ठिकाणी मोथा केवळ ओळखावा; वापरासाठी तो खात्रीच्या दुकानातूनच आणावा.