रेकॉर्डिंग नेमकं कुठे होतंय?

व्हिडिओ पॉडकास्टसाठी सॉफ्टवेअर शोधताय? आधी रेडिओवाल्यांची जुनी युक्ती बघा. टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, त्यामुळे मुलाखत पिचकी ऐकू यायची. मग बोलणं फोनवर, पण टेपरेकॉर्डर दोन्ही टोकांना. टेप नंतर जुळवायच्या.

२००३ मध्ये स्काइप आलं, तरी अडचण तीच राहिली. संभाषण अडू नये म्हणून इंटरनेट कॉल वाटेत हरवलेले तुकडे सहसा सोडून देतो. कॉलच रेकॉर्ड केलात, तर ते तुकडे कायमचे गेले.

म्हणून पहिला प्रश्न हाच: प्रत्येकाचं रेकॉर्डिंग त्याच्याच मशीनवर होतं का? मोफत ओबीएस घेतलंत, तर ते पाहुण्याकडेही चालू हवं. सुरुवातीला एक टाळी वाजवा, दोन्ही फाइल्स जुळवायला तिची मदत होते.