पुसलेल्या मेलची कुळकथा

नोव्हेंबर १९८६. इराणला चोरून विकलेल्या शस्त्रांचा पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं प्रकरण फुटू लागलं, तसे व्हाइट हाउसमधले जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ आपापले मेल पुसायला बसले. यंत्रणा आयबीएमची, नाव प्रॉफ्स. दोघांनी मिळून पाच हजारांवर मेल उडवले. पण बॅकअपच्या टेपा शाबूत होत्या आणि त्या चौकशीवाल्यांच्या हाती लागल्या.

दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर आला, तरी भिस्त टेपेवरच. इथे सगळ्या ऑफिसचे मेल ‘प्रिव्ह डॉट ईडीबी’ या एकाच डेटाबेस फाइलमध्ये. वीस जणांना गेलेली अटॅचमेंट त्यात एकदाच साठायची, जागा वाचायची. त्याची वसुली मात्र अॅडमिनकडून व्हायची. साहेबांचा एक मेल उडाला की वेगळा सर्व्हर उभा करा, त्याला मूळ ऑर्गनायझेशनचं आणि साइटचं नाव जसंच्या तसं द्या, अख्खा डेटाबेस टेपेवरून उतरवा, मग तो एक मेल काढून साहेबांना द्या. तो मेल बहुतेक वेळा जेवणाच्या बेताचा निघणार!

१९९७ च्या ५.५ आवृत्तीनं पुसणंच लांबणीवर टाकलं. ‘डिलीटेड आयटम्स’ रिकामं केलं तरी मेल डेटाबेसमध्येच राही, त्यावर फक्त खूण होई. अॅडमिननं ठरवलेली मुदत संपली की नेमाच्या साफसफाईत तो खरोखर जाई. तोवर आउटलुकमधून ज्याचा त्यानं परत घ्यावा. या सोयीला अॅडमिन मंडळी ‘डम्पस्टर’ म्हणतात. तिच्यात खोचही होती. इनबॉक्समध्येच शिफ्ट दाबून डिलीट केलेला मेल डम्पस्टरमध्ये असूनही दिसत नसे. त्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘डम्पस्टरऑलवेजऑन’ लिहावं लागे. मेलबॉक्स दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवला तर खुणेचे मेल मागेच राहत. आणि लपवायचंच असेल त्याला डम्पस्टरही रिकामा करता येई.

एक्स्चेंज २०१० मध्ये खुणेऐवजी ‘रिकव्हरेबल आयटम्स’ हा खराखुरा लपलेला फोल्डर आला. मेलबॉक्स हलला की तोही हलतो. मुदत सहसा १४ दिवस. तिथूनही काढलेले मेल त्यातल्याच ‘पर्जेस’मध्ये जातात, बदललेल्यांची मूळ प्रत ‘व्हर्जन्स’मध्ये राहते. पण या शेवटच्या दोन्ही गोष्टी ‘सिंगल आयटम रिकव्हरी’ चालू असेल तर होतात, आणि स्वतःच्या सर्व्हरवर ती मुळात बंद असते.