उजळणी आणि आमोख्ता

मराठीत पाढ्यांच्या पुस्तकालाच 'उजळणी' म्हणत. काळं पडलेलं तांब्याचं भांडं चिंचेनं घासून उजळावं, तसा विसरत चाललेला धडा उजळायचा. मदरशात जुन्या पाठाच्या उजळणीला 'आमोख्ता' म्हणतात. फारसीत त्याचा अर्थ 'शिकलेलं'. यवतमाळात वाढल्यामुळे हे दोन्ही शब्द माझ्या कानावर बरोबरच पडले.

कुराण पाठ करणाऱ्या मुलाचा दिवस पाहा. नवा पाठ तो सबक. गेल्या काही दिवसांतला तो सबक-पारा. त्याहून जुना तो आमोख्ता. तो पाळीपाळीनं उस्तादांपुढे म्हणून दाखवायचा. पुस्तक मिटलेलं. अडखळलं की उस्ताद टोकणार. पंतोजींच्या शाळेतला संध्याकाळचा परवचा याच जातीचा. पाठशाळेत अमरकोश होता, मकतबात अमीर खुसरोंच्या नावावर सांगितली जाणारी 'खालिकबारी'. दोन्ही शब्दकोशच, पण पद्यात. कारण ते कपाटात नव्हे, जिभेवर ठेवायचे होते.

एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकानं १८८५ साली याचा हिशेब मांडला. अर्थहीन अक्षरं त्यानं स्वतःच पाठ केली. एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावरही साधलं. पुढे १९७२ मध्ये लाइटनर या जर्मन लेखकानं चिठ्ठ्यांची पेटी सुचवली. शब्द बरोबर आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, म्हणजे उशिरा विचारायची. चुकला तर परत पहिल्या कप्प्यात. आज मोबाइलवर शब्द शिकवणारे कित्येक खेळ या पेटीवरच चालतात.

पण नुसतं पद्य पुरत नाही, हे आपल्याच इतिहासात दिसतं. १६७४च्या राज्याभिषेकावेळी पदांची नावं बदलली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. दहा वर्ग, सुमारे १३८० शब्द, तोही श्लोकबद्ध. तरी काय झालं? शिक्क्यावर 'प्रधान' राहिले आणि लोकांच्या तोंडी पेशवेच. पंडितांनी कसूर केली नव्हती. पण चावडीवर, बाजारात, छावणीत तो शब्द माणसाला पुन्हापुन्हा विचारणारं कोणी नव्हतं. 'सचिव' मात्र आज कुणालाही कळतो, कारण मंत्रालयात कागद घेऊन गेलेल्याला त्याची गाठ पडतेच.

आमचा वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात. नंतर इंग्रज आले, तेही गेले. आमच्याकडे शेतकरी मात्र अजून कास्तकारच आहे. हा शब्द फारसी आहे असं सांगितलं तर कास्तकारच हसेल. पेरणीपासून कर्जापर्यंत, वर्षभर त्याची उजळणी चालू असते.

'घोकंपट्टी' म्हणून आपण परवचा मोडीत काढला. घोकणं गेलं याचं मला दुःख नाही. त्याबरोबर ठरल्या वेळी विचारणंही गेलं, याचं आहे. झरी जामणी, केळापूरकडच्या कोलाम वस्तीतलं मूल शाळेत येतं तेव्हा मराठी त्याला परकी असते. भिंतीवरच्या तक्त्यानं ती येत नाही. आज शिकवलेला शब्द उद्या विचारावा, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं, हसतखेळत, पाच मिनिटं. आणि त्याच पाच मिनिटांत गुरुजींनी त्याच्याकडून एखादा कोलामी शब्दही शिकावा, चार दिवसांनी त्यानं तो गुरुजींना विचारावा. गुरुजी अडखळले तर वर्गाला मजाच येईल.