कार्डिनल व्हान थुआन : कारावासातील आशेचे साक्षीदार

संकटात सापडलेल्या माणसाचे सांत्वन करावयास गेलेला श्रद्धावंत बहुधा एकच वाक्य बोलतो : देव सारे ठीक करील. हेतू चांगला असतो. परंतु महिने लोटतात, वर्षे सरतात आणि काहीच ठीक होत नाही, तेव्हा त्या वाक्याचे काय करावयाचे? आजार बळावतच जातो, गेलेली नोकरी परत मिळत नाही, घरातला तुटलेला संबंध सांधला जात नाही. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने नेमकी कशाची आशा धरावयाची, हा प्रश्न व्हिएतनाममधील कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्ग्युएन व्हान थुआन (१९२८-२००२) यांच्यापुढे तब्बल तेरा वर्षे उभा होता. ती तेरा वर्षे त्यांनी कम्युनिस्ट राजवटीच्या बंदिवासात काढली आणि त्यांपैकी नऊ वर्षे ते एकांतवासात होते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ३० नोव्हेंबर २००७ रोजी दिलेल्या 'स्पे साल्वी' या ख्रिस्ती आशेवरील विश्वपत्रात आशा प्रार्थनेतून कशी शिकली जाते हे सांगताना पहिले उदाहरण त्यांचेच दिले आहे.

व्हान थुआन यांचा जन्म १७ एप्रिल १९२८ रोजी मध्य व्हिएतनाममधील ह्यू या शहरी झाला. ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव त्यांना मिळाले होते. त्यांच्या घराण्याला छळाची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची होती. १८८५ साली त्यांच्या आईच्या गावातील ख्रिस्ती लोकांना चर्चमध्ये कोंडून जाळण्यात आले, तेव्हा आजोबा शिक्षणासाठी परदेशी होते म्हणूनच वाचले. आईचे भाऊ न्गो दिन्ह दिएम हे दक्षिण व्हिएतनामचे पहिले राष्ट्राध्यक्ष. नोव्हेंबर १९६३ मधील लष्करी उठावात त्यांची हत्या झाली. हे नाते पुढे भाच्याला फार महागात पडले.

१९५३ मध्ये गुरुदीक्षा, त्यानंतर रोममध्ये धर्मशास्त्रीय कायद्याचे उच्च शिक्षण आणि १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, न्हा ट्रांग धर्मप्रांताचे बिशपपद असा त्यांचा प्रवास झाला. बिशप म्हणून त्यांनी निवडलेले ब्रीद होते 'आनंद आणि आशा'. आठ वर्षांत मोठ्या सेमिनरीतील विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून १४७ वर गेली. एप्रिल १९७५ च्या अखेरीस पोप सहावे पॉल यांनी त्यांची सायगॉनचे सहायक आर्चबिशप म्हणून, उत्तराधिकाराच्या हक्कासह, नेमणूक केली. त्यानंतर काही दिवसांतच, ३० एप्रिल रोजी, सायगॉन उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात गेले. नव्या सत्ताधाऱ्यांना या नेमणुकीत कारस्थान दिसले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना बोलावून घेऊन अटक करण्यात आली. अंगावर झगा आणि खिशात जपमाळ, एवढेच त्यांच्यापाशी होते. त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही.

त्या रात्री सुमारे ४५० किलोमीटरच्या प्रवासात त्यांच्या मनात अनेक विचारांचा गोंधळ माजला होता. चीनमध्ये बारा वर्षे कैदेत राहिलेल्या बिशप वॉल्श यांचे उद्गार त्यांना आठवले : आयुष्याचा निम्मा भाग आपण वाट पाहण्यातच घालवला. प्रत्येक कैदी दर क्षणाला सुटकेची वाट पाहत असतो. व्हान थुआन यांनी मात्र ठरविले की आपण वाट पाहत बसावयाचे नाही; हाती असलेला क्षण प्रेमाने भरावयाचा. हा निश्चय वाचावयास सोपा वाटतो. त्याची खरी किंमत पुढे मोजावी लागली.

आरंभी त्यांना एका गावात नजरकैदेत ठेवले होते. आपल्या लोकांशी संबंध तुटल्याचे दुःख त्यांना असह्य होत होते. तुरुंगातून मंडळ्यांना पत्रे लिहिणारा संत पौल त्यांना आठवला आणि ऑक्टोबर १९७५ मधील एका पहाटे त्यांनी मिस्साहून परतणाऱ्या सात वर्षांच्या एका मुलाला हाक मारून, आईला जुन्या दिनदर्शिकेची पाने पाठवावयास सांगितले. त्या पानांच्या कोऱ्या बाजूवर ते रात्री छोटी छोटी चिंतने लिहीत. मुलगा ती घरी नेई आणि त्याची भावंडे त्यांच्या नकला उतरवीत. त्यांतून १,००१ चिंतनांचा 'आशेचा मार्ग' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि पुढे अनेक भाषांत गेला. ते मूल नसते तर हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता, हे विसरू नये.

मार्च १९७६ मध्ये त्यांना फु खान्हच्या तुरुंगात एकांतकोठडीत हलविण्यात आले. येथे मात्र आशा हा शब्दही जड व्हावा अशी स्थिती होती. कोठडीला खिडकी नव्हती. कधी दिवसेंदिवस दिवा जळत राही, तर कधी दिवसेंदिवस अंधार असे. उकाडा आणि दमटपणा इतका, की चटईवर बुरशी धरे. भिंतीच्या तळाशी एक भोक होते. श्वास घेण्यासाठी ते जमिनीवर आडवे होऊन त्या भोकाशी तोंड नेत, आणि त्याच भोकातून किडेही आत येत. आपली बुद्धी भ्रमिष्ट होते की काय, अशी भीती त्यांना वाटू लागली. काही दिवस तर असे आले की शरीर आणि मन इतके थकले होते की एक साधी प्रार्थनाही पूर्ण म्हणता येईना. आर्चबिशप असलेल्या माणसाची ही अवस्था त्यांनी स्वतः नंतर मोकळेपणाने सांगितली आहे, यासाठी आपण त्यांचे ऋणी असावयास हवे. निराशा येणे म्हणजे श्रद्धा कमी असणे, असा एक कठोर समज आपल्याकडे आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून तो ऐकविणारेही भेटतात. व्हान थुआन यांच्या अनुभवापुढे तो टिकत नाही. प्रार्थना होत नसे तेव्हा ते प्रभूपुढे केवळ आपली हजेरी लावीत : येशू, हा फ्रान्सिस इथे आहे. उत्तरादाखल त्यांना जाणवे की येशूही इथेच आहे.

त्यांना सर्वांत अधिक छळणारी गोष्ट मात्र उपासमार किंवा अंधार ही नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांचे धडधाकट वय, आठ वर्षांचा अनुभव, धर्मप्रांतात सुरू केलेली कितीतरी कामे, आणि ती सारी वाऱ्यावर सोडून आपण येथे निरुपयोगी पडलो आहोत, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. अशाच एका रात्री अंतःकरणाच्या तळातून त्यांना स्पष्ट जाणीव झाली की देव वेगळा आणि देवाची कामे वेगळी. भेटीगाठी, सेमिनरी, शाळा, सेवाकार्य ही देवाची कामे खरीच. पण ती म्हणजे देव नव्हे. ती काढून घेतली गेली तर ज्याची ती आहेत त्याच्या हाती सोपवावीत, तो ती इतरांकडून आपल्याहून चांगली करून घेईल. आपण देवाला निवडले आहे, त्याच्या कामांना नव्हे. या विचाराने त्यांना जी शांती लाभली, ती अखेरपर्यंत टिकली, असे ते सांगत. कोठडीत बाहेरून काहीच बदलले नव्हते.

डिसेंबर १९७६ मध्ये सुमारे १,५०० कैद्यांसह त्यांना जहाजाच्या अंधाऱ्या तळघरात कोंबून उत्तरेकडे नेण्यात आले. तेथे आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या एका हताश कैद्याला त्यांनी समजावून सावरले. हीच माणसे आता आपली प्रजा आणि हेच आपले कॅथेड्रल, हे त्यांना त्या प्रवासात उमगले.

त्यांच्या बंदिवासातील मिस्साची हकीकत जगभर सांगितली जाते. अटकेनंतर आवश्यक वस्तू मागविण्याची परवानगी मिळताच त्यांनी 'पोटदुखीचे औषध' मागविले. श्रद्धावंतांनी अर्थ ओळखून त्याच नावाची चिठ्ठी लावलेल्या बाटलीतून मिस्साचा द्राक्षारस आणि दमटपणापासून सुरक्षित राहावी म्हणून विजेरीत लपवून मिस्साची भाकर पाठविली. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. हातच त्यांचा चषक होता. उत्तरेकडील छावणीत पन्नास-पन्नास कैद्यांचा गट असे आणि प्रत्येकाला झोपण्यासाठी हातभर जागा. रात्री साडेनऊला दिवे गेले की ते अंथरुणावर वाकून मुखोद्गत मिस्सा म्हणत आणि मच्छरदाणीखालून शेजारच्या कॅथलिक बंदिजनांना ख्रिस्तशरीर देत. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदाच्या छोट्या पिशव्या करून त्यांत ते पवित्र साक्रामेंत जपून ठेवीत.

पहारेकऱ्यांची गोष्टही अशीच. आरंभी ते त्यांच्याशी बोलत नसत. व्हान थुआन त्यांना परदेशांविषयी सांगू लागले, इंग्रजी-फ्रेंच शिकवू लागले आणि हळूहळू पहारेकरी मित्र झाले. ते 'बिघडू' नयेत म्हणून वरिष्ठ दर पंधरा दिवसांनी त्यांना बदलीत; पुढे हा माणूस सगळ्यांनाच बिघडवील या भीतीने बदल्याच बंद केल्या! एका पहारेकऱ्याच्या मदतीने विजेच्या तारेची साखळी करून त्यांनी ती आपल्या लाकडी क्रुसाला लावली. हा क्रूस काही काळ साबणाच्या वडीत लपविलेला होता. कार्डिनल झाल्यावरही त्यांच्या छातीवर तोच क्रूस असे.

२१ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांची सुटका झाली. तीन पोप आणि चार सोव्हिएत सरचिटणीस एवढ्या काळात होऊन गेले, हे त्यांनी मंत्र्याला हसत ऐकविले. १९९१ मध्ये देश सोडावा लागला, त्यानंतर परतण्याची मुभा मिळाली नाही. सायगॉनच्या धर्मपीठावर ते कधीच बसू शकले नाहीत. रोममध्ये त्यांनी न्याय व शांती परिषदेची धुरा वाहिली, २००० च्या उपवासकाळात पोप दुसरे जॉन पॉल यांना आध्यात्मिक साधना दिली, २००१ मध्ये कार्डिनल झाले आणि १६ सप्टेंबर २००२ रोजी कर्करोगाने निवर्तले. ४ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'वंदनीय' घोषित केले.

कैदेत त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी एका अख्रिस्ती माणसाला त्यांच्याजवळ ठेवले होते. पुढे तो मित्र झाला आणि तुरुंगातून निघताना, आपले घर ला वांगच्या मरियेच्या तीर्थस्थानापासून तीन किलोमीटरवर आहे, तेथे जाऊन तुमच्यासाठी प्रार्थना करीन, असे म्हणाला. व्हान थुआन यांना तो मैत्रीचा उपचार वाटला. काही वर्षांनी, ते एकांतवासात असताना, त्याचे पत्र आले. १९७२ च्या युद्धात ला वांगचे चर्च उद्ध्वस्त झाले होते. पाऊस नसेल त्या प्रत्येक रविवारी घंटा ऐकताच तो सायकल काढून तेथे जाई आणि पुतळ्यासमोरच्या पटांगणात उभा राही. आपण ख्रिस्ती नाही, आपल्याला प्रार्थना येत नाहीत, असे आधी सांगून टाकी, आणि मग थुआन यांना जे हवे असेल ते द्यावे, एवढेच मरियेकडे मागे.